शोरेनाचा रांजण

एर्मिले झाडावर चढला की त्याला खाली बोलावणं एकाच माणसाला जमायचं, त्याच्या मुलीला. बाकी आम्ही सगळे, म्हणजे मी, माझी बायको लामझिरा, कधी कधी गावचा पाद्रीसुद्धा, खाली उभे राहून घसा कोरडा करायचो. तो वरून द्राक्षाची सालं थुंकायचा आणि म्हणायचा, "परमेन, तू बोलत राहा. तुझ्या आवाजानं पाखरं तरी लांब राहतात." मग शोरेना यायची, झाडाच्या बुंध्याला टेकून उभी राहायची आणि हळूच म्हणायची, "बाबा, मला भूक लागली." की हा गडी शिडीवरून खाली.

मी त्याचा शेजारी. आमच्या दोघांच्या अंगणांमध्ये एक कुंपण आहे, आणि त्याला माणूस जाईल एवढं भोक आहे. ते भोक आमच्या आजोबांनी पाडलं की त्याच्या आजोबांनी, यावर आम्ही दोघं आयुष्यभर भांडलो. आता तो नाही, म्हणून त्याच्या आजोबांनी पाडलं असं मी मान्य करून टाकलंय.

आमच्या गुरियात, देशाच्या पश्चिम टोकाला, द्राक्षाचा वेल झाडावर सोडतात. तारा नाहीत, खांब नाहीत. जुन्या पर्सिमनच्या किंवा रानातल्या उंच झाडाच्या बुंध्याशी वेल लावायचा आणि त्याची मर्जी असेल तिथवर त्याला जाऊ द्यायचं. मग कार्तिक सरता सरता, पहिली थंडी द्राक्षाला चावून गेली की, टोपली आणि दोर घेऊन वर जायचं. टोपली निमुळती, लांबोडकी, फांद्यांत अडकू नये अशी. ती भरली की दोरानं खाली सोडायची, खालच्या माणसानं ओतून घ्यायची. ओतून घेणारा माणूस नीट हवा, कारण टोपली हिसकली तर वरचा माणूस हलतो. एर्मिलेच्या खाली नेहमी शोरेना असायची, अगदी टोपली तिच्यापेक्षा उंच होती तेव्हापासून.

या द्राक्षाची वाइन फिकट गुलाबी होते आणि तिचं नाव आमच्या डोंगरापलीकडे कुणी घेत नाही. पाहुणे देशात येतात ते पूर्वेला काखेतीला जातात, तिथे पितात, तिथेच गातात आणि तिथूनच विमान पकडतात. चहाच्या मळ्यांच्या काळात तर सरकारनं चहा लावायला आमचे वेल तोडूनच टाकले होते. एर्मिलेच्या घराचे वाचले, कारण ते ओढ्याच्या उतारावर होते आणि तिथे चहा जगत नव्हता. त्याचा बाप म्हणायचा, माझी शेती नालायक निघाली म्हणून वाचली. एर्मिलेलाही आपल्या मालाबद्दल तसंच बोलायला आवडायचं, पण दुसरं कुणी तसं बोललं की त्याचं डोकं फिरायचं.

त्याची बायको दोमना लवकर गेली. शोरेना तेव्हा शाळेत होती. त्यानं दुसरं लग्न केलं नाही. लामझिरानं दोन-तीन स्थळं सुचवली, तर म्हणाला, "वहिनी, माझ्या घरात एक बाई आहे, ती मला पुरून उरते." पोरीच्या वेण्या तो घालायचा. इतक्या घट्ट घालायचा की तिचे डोळे ताणले जायचे, आणि गावातल्या पोरी तिला चिनी म्हणून चिडवायच्या. तरी तिनं कुणा दुसऱ्याकडून वेणी घालून घेतली नाही.

आता रांजणाचं सांगतो. आमच्याकडे वाइन लाकडी पिंपात नाही, मातीच्या रांजणात होते, आणि रांजण अंगणात गळ्यापर्यंत पुरलेला असतो. घरात मूल जन्मलं की त्याच्या नावाचा एक वेगळा रांजण पुरतात. त्यातली वाइन त्याच्या लग्नात काढायची. आमची गुलाबी वाइन काही पंचवीस वर्षं टिकणारी नव्हे, म्हणून दर वसंतात जुनी काढून नवी भरायची, त्या वर्षीची सगळ्यांत चांगली. वर दगडी झाकण ठेवायचं आणि झाकणावर ओली माती थापायची. ती माती कायम ओली ठेवायची, कारण वाळली की भेगा पडतात, भेगांतून हवा जाते, आणि मग संपलंच. एर्मिले रोज संध्याकाळी तांब्याभर पाणी घेऊन शोरेनाच्या रांजणावर शिंपडायचा. देवाला दिवा लावावा तसा.

जुनी काढायच्या दिवशी आम्ही सगळे जमायचो, आणि पहिला घोट शोरेनाला मिळायचा. लहान होती तेव्हा बोट बुडवून चाटायची. पुढे पेल्यातून. तिची जीभ त्या एका रांजणावर घडली होती.

तीच त्याच्या मागे लागली की बाटल्या भरू. शाळा संपली होती, हातात पुस्तकं होती आणि डोक्यात किडे. घरामागच्या खोलीत बाटल्या आल्या. त्यांवर लावायचा कागद तिनंच काढला: एक झाड, झाडात दोन पाय लोंबताहेत, खाली टोपली. वरच्या माणसाचं तोंड दिसत नव्हतं. एर्मिले म्हणाला, "बरं केलंस. तोंड बघून कुणी घेतली नसती."

सेंद्रिय आहे का ते तपासायला शहरातून एक साहेब आला. खूप प्रश्न विचारले. औषध कधी मारता, कोणतं मारता. एर्मिलेनं त्याला झाडाखाली नेलं आणि वर बघायला लावलं. म्हणाला, "साहेब, इतक्या उंच फवारायला कोण जाणार? मी तिथवर पोचेपर्यंत रोगच कंटाळून दुसरीकडे जातो." साहेब हसला, माती पिशवीत भरून घेऊन गेला, आणि कागद आला. मग राजधानीतल्या, तिबिलिसीच्या एका दुकानदारानं बाटल्या नेल्या, त्याच्याकडून आणखी कुणी. फार नाही. वर्षाला जेवढी होते तेवढी संपायची, इतकंच.

पण एवढ्यावर एका तरुण पोरीचं आयुष्य निघत नाही. आमच्याकडच्या निम्म्या बायका इटलीला म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला जातात, तशी शोरेनाही गेली. जाताना बापाला म्हणाली, "दोन वर्षांत येते." तो म्हणाला, "रांजण तयार आहे. तू फक्त नवरा आण." यात तक्रार नव्हती. तो खरंच वाट बघत होता.

त्यानंतर खाली टोपली धरायला मी उभा राहू लागलो. पहिल्याच वर्षी तो वरून ओरडला, "हळू रे, टोपली आहे, बैल नाही ओढत तू."

मग एक वर्ष असं आलं की आमच्या आयुष्यात तसं दुसरं आलं नाही. पाऊस वेळेवर थांबला. ऊन लांबलं. पर्सिमनच्या झाडावरची द्राक्षं पार नाताळाच्या तोंडावर उतरवली, आणि एकही घड कुजलेला नव्हता. वसंतात शोरेनाचा रांजण भरताना एर्मिलेनं मला वाळक्या भोपळ्याचं लांब दांड्याचं ओगराळं भरून दिलं. मी प्यायलो. ओगराळं परत पुढे केलं. आम्ही दोघं गप्प राहिलेलो लामझिरानं त्या आधी कधी पाहिलं नव्हतं. ती धावत आली, म्हणाली, "कोण गेलं?"

एर्मिलेनं झाकण बसवलं, माती थापली. म्हणाला, "या वर्षी तिनं लग्न करावं."

तिनं केलंच होतं. दोन आठवड्यांनी फोन आला. इटलीतल्या गावात शाळेची बस चालवणारा माणूस, नाव दोनातो, चांगला आहे. कचेरीत जाऊन सही केली. कागदपत्रांसाठी घाई करावी लागली, बाबा, उन्हाळ्यात दोघं येतो.

एर्मिले कुंपणाच्या भोकातून आमच्याकडे आला आणि ओट्यावर बसला. मला वाटलं, परका जावई म्हणून बिथरला असेल. तसं नव्हतं. म्हणाला, "सही केली म्हणे. पंगत नाही, पेला नाही, कुणी उभं राहून दोन शब्द बोललं नाही. सही तर मी वीजवाल्याकडेही करतो."

"अरे, येताहेत ना उन्हाळ्यात," लामझिरा म्हणाली. "तेव्हा कर पंगत. तुझ्या अंगणात, तुझ्या रांजणासमोर. तेव्हाच लग्न झालं समज."

हे त्याला पटलं. मनापासून पटलं, हे मी शपथेवर सांगतो. श्रावणात त्यानं अंगण झाडलं, आमची टेबलं मागून नेली, आक्रोडाच्या वाटणातली कोंबडी करायला लामझिराला सांगितलं. रांजणाभोवतीचं गवत स्वतः खुरप्यानं काढलं. आदल्या संध्याकाळी मला बोलावून म्हणाला, "उद्या तमादा मीच." पंगतीत पेला उंचावून बोलायचा मान घरच्या माणसानं घ्यायचा नसतो, बाहेरच्याला द्यायचा असतो. मी तसं म्हणालो. तो म्हणाला, "बाहेरच्यांना काय ठाऊक तिचं?"

दोनातो साधा, लाजरा माणूस होता. दारातून आत येताना त्यानं दोन्ही हातांनी एक बाटली पुढे केली. त्याच्या वडिलांच्या मळ्यातली वाइन. म्हाताऱ्यानं मुद्दाम व्याह्यांसाठी ठेवली होती म्हणे. शोरेनाच्या चेहऱ्यावरून मला कळलं की ती घाबरली. त्याला आधी सांगून ठेवायचं तिला सुचलं नव्हतं, आणि आता बोलायला वेळ नव्हता.

दुसरीकडे कुठे काय समजतात मला माहीत नाही. आमच्याकडे मुलीच्या लग्नाच्या पंगतीला, बापाच्या अंगणात, जावई स्वतःची वाइन घेऊन आला, तर त्याचा अर्थ एकच होतो: तुमची पुरणार नाही, किंवा तुमची पिण्यासारखी नाही. त्या बिचाऱ्याला काय माहीत. त्यानं आपल्या बापाचा आहेर आणला होता.

एर्मिलेनं बाटली घेतली. डोक्याला लावली, हसला, टेबलाच्या मधोमध ठेवली. यजमान म्हणून त्याच्यात खोट काढायला जागा नव्हती. मग तो ओगराळं आणि सुरई घेऊन अंगणात गेला. मी टेबलावरून बघत होतो. तो शोरेनाच्या रांजणाशी गेला. थांबला. आणि मग वळून पश्चिमेच्या कोपऱ्यातल्या रोजच्या रांजणाकडे गेला.

त्यानं सगळ्यांचे पेले भरले. उभा राहिला, बोलला. फार सुरेख बोलला, दोमनाचं नाव घेतलं, बायका रडल्या. शोरेनानं पेला तोंडाला लावला आणि एका घोटानंतर खाली ठेवला.

"बाबा, ही रोजच्या रांजणातली."

"वाइन ती वाइन."

"माझ्या रांजणातली का नाही?"

"तो लग्नाला उघडायचा आहे," एर्मिले म्हणाला. आवाज अजिबात चढला नाही. "लग्न झालं की उघडू."

टेबलाशी बसलेल्यांनी माना खाली घातल्या. मक्याच्या भाकरीचे तुकडे करत बसले. दोनातोला एक अक्षर कळलं नव्हतं. तो हसतमुखानं बायकोकडे वळला, काय म्हणाले, असं त्यानं त्यांच्या भाषेत विचारलं असावं. तिनं उत्तर दिलं. नंतर लामझिरानं तिला विचारलं, काय सांगितलंस त्याला? ती म्हणाली, "म्हणाले, आलास ते फार बरं झालं."

ती दोघं महिनाभर राहणार होती. दुसऱ्या दिवशी गेली.

मी एर्मिलेवर तोंड टाकलं. म्हटलं, गाढवा, तुझ्या जन्मात पहिल्यांदा अशी वाइन झाली आणि तू ती झाकून बसलास. तो म्हणाला, "तिनं माफी मागू दे. मग बघू." म्हटलं, कशाची माफी? यावर त्यानं मला घरातून हाकललं.

त्या दिवसापासून तो त्या रांजणाकडे गेला नाही. बाकीच्या रांजणांना पाणी, शोरेनाच्या रांजणाला नाही. पुढच्या वसंतात नवी भरली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. एका उन्हाळ्यात लामझिरानं कुंपणावरून सांगितलं, "एर्मिले, मातीला बोट जाईल एवढी भेग पडलीय." तो म्हणाला, "ज्याचा रांजण त्यानं बघावा." त्याला कळत नव्हतं असं नाही. आमच्या भागात त्याच्याइतकं कळणारं कुणी नव्हतं. तो रोज संध्याकाळी भरलेला तांब्या घेऊन त्या रांजणाच्या शेजारून जायचा आणि पाणी गुलाबाला घालायचा. गुलाब कुजला शेवटी.

शोरेना बापाला फोन करेना. लामझिराला करायची, रविवारी. मग आमच्या एर्मिलेला बरोबर रविवारी मीठ संपल्याचं आठवायचं. तो मिठाची वाटी घेऊन ओट्याच्या पायरीवर बसायचा, पाठ आमच्याकडे. लामझिरा फोन मोठ्या आवाजात लावायची आणि मुद्दाम एकेक गोष्ट विचारायची. तब्येत कशी? थंडी किती? अशाच एका रविवारी कळलं की मुलगी झाली, नाव दोमना ठेवलं. एर्मिलेच्या हातातली वाटी कलंडली, मीठ पायरीभर सांडलं. तो तसाच उठून गेला. एवढ्या रविवारी नेलेलं मीठ त्याच्या घरात पोतंभर झालं असेल.

बाटल्यांचं बरं चाललं होतं. दूरदूरची माणसं गाडीनं यायची, झाडाचे फोटो काढायची, झाडावर चढलेल्या एर्मिलेचे काढायची. कुणीतरी त्या भेगाळलेल्या रांजणाकडे बोट दाखवून विचारायचं, यात काय आहे? "ती विकायची नाही," तो म्हणायचा. पाहुण्यांना वाटायचं, सगळ्यांत भारी माल तिथे आहे.

मग त्याचे गुडघे गेले. एका हंगामात अर्ध्या झाडापर्यंत चढला आणि तिथेच बसून राहिला. वर जाता येईना, खाली उतरता येईना. मी खाली टोपली घेऊन उभा. शिव्या देऊन झाल्या, विनवून झालं. शेवटी माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, मला भूक लागली."

तो हसेल असं वाटलं होतं. पण तो हळूहळू उतरला, माझ्यापासून तोंड वळवून टोपलीचा दोर गुंडाळत बसला. त्याच रविवारी मिठाची वाटी न घेता आला. लामझिराच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाला, "शोरेना, पोरीला घेऊन ये. त्यालाही आण. रांजण उघडतो."

पलीकडे ती काय बोलली कळलं नाही. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "येते म्हणाली. एवढंच म्हणाली."

ते येणार त्याच्या आदल्या दिवशी मी त्याच्यासमोर उभा राहिलो. म्हटलं, "एर्मिले, आज उघडून बघू. वाईट झाली असेल तर माझी चांगली आहे. रातोरात भरून ठेवू. गावात कुणी बोलणार नाही."

"मुलीचा रांजण मुलीसमोर उघडतात."

"अरे पण…"

"आणि तिला कळेल." एवढं बोलून तो टेबलं पुसायला लागला.

दुसऱ्या दिवशी तेच अंगण, त्याच पंगतीत आम्ही. दोनातो या खेपेला रिकाम्या हातानं आला होता आणि त्याचीच त्याला लाज वाटत होती. लहानगी दोमना त्याच्या खांद्यावर झोपली होती. एर्मिलेनं खुरपं घेतलं. माती कौलासारखी कडक झाली होती, तुकडे उडाले. झाकण सरकवायला मी हात लावला. झाकण सरकलं, आणि वास आला. सगळ्या अंगणाला आला. कुणाला काही विचारावं लागलं नाही. शुद्ध आंबट, लोणच्याच्या बरणीचा वास.

एर्मिले रांजणाच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. मी हळूच म्हटलं, "माझी आणतो." त्यानं मान हलवली, नको. ओगराळं आत सोडलं, भरून काढलं आणि एक पेला भरला. एकच. तो शोरेनाच्या हातात दिला. मग तमादा म्हणून बोलायला उभा राहिला. तासभर बोलू शकणारा माणूस. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. शब्द येईना.

शोरेना उठली. तिनं त्याच्यासाठी थांबायचं सोडून दिलं. पेला उचलला आणि प्यायली. एक घोट घेऊन ठेवेल असं आम्हाला वाटलं. तिनं ठेवला नाही. आमच्याकडे लग्नाचा पेला तळापर्यंत प्यायचा असतो, तसा तळापर्यंत प्यायली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते आंबटामुळे की कशामुळे, ते मी सांगू शकत नाही. पेला उलटा करून दाखवला, एक थेंब पडला नाही.

मग बापाच्या जवळ जाऊन तिनं विचारलं, इतक्या हळू की मी शेजारी होतो म्हणून ऐकलं.

"त्या वर्षी कशी होती, बाबा?"

एर्मिलेनं तिच्याकडे पाहिलं. "तशी परत झाली नाही," तो म्हणाला.

मी ती प्यायलो होतो. तो खरं बोलत होता.